आधी डोळे, मग हात: नवख्या लष्करी वैमानिकाला मूलभूत उड्डाण शिकवताना

नव्या विद्यार्थ्याची चूक दिसते ती हातात. स्टिक (नाक वर-खाली करायची आणि विमान कलवायची दांडी) जास्त ओढली, रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारं, पायांनी चालवायचं नियंत्रण) विसरला, थ्रॉटल (इंजिनची पॉवर कमी-जास्त करायचा दांडा) उशिरा मागे घेतला. मग नवा प्रशिक्षकही हातच दुरुस्त करत बसतो: "ओढू नकोस, ढकल, उजवा पाय दे." तेवढ्यापुरतं विमान सरळ होतं आणि मिनिटभरात तीच चूक पुन्हा होते. विद्यार्थी ज्याच्याकडे बघत होता त्यानुसार त्याच्या हाताने बरोबर तेच केलेलं असतं. बघायची जागा चुकलेली असते. वेगाच्या काट्याकडे बघून उडवणारा काट्याच्या मागे धावणारच. नाकापुढची जमीन बघत उतरणारा विमान धावपट्टीवर आपटणारच.

म्हणून मूलभूत उड्डाणाच्या प्रशिक्षकाने प्रत्येक चुकीनंतर स्वतःला पहिला प्रश्न विचारावा: हा या क्षणी कुठे बघत होता? हा लेख त्या प्रश्नाभोवती बांधलेला आहे. तो प्राथमिक प्रशिक्षण विमानावर नव्याने प्रशिक्षक झालेल्यांसाठी आहे, पण विद्यार्थ्यांनी वाचला तरी हरकत नाही. आपल्याला अमुक गोष्ट अमुक क्रमाने का शिकवतात हे कळलं की शिकणं सोपं जातं.

लष्करी अभ्यासक्रमात वेगळं काय असतं

हौशी वैमानिकाला एखादी गोष्ट जमायला वेळ लागला तर तो आणखी तास घेतो. लष्करात तासांची चौकट आधीच ठरलेली असते. प्रत्येक सॉर्टीला, म्हणजे प्रत्येक उड्डाणाला, शेरा मिळतो, ठरावीक टप्प्यांवर दुसरा प्रशिक्षक चाचणी घेतो आणि लागोपाठ कमी पडलं तर प्रशिक्षण थांबू शकतं. हे दडपण विद्यार्थ्यासोबत कॉकपिटमध्ये येऊन बसतं आणि प्रशिक्षकाला ते सतत लक्षात ठेवावं लागतं.

दुसरा फरक ध्येयाचा आहे. पुढच्या टप्प्यात हाच विद्यार्थी फॉर्मेशनमध्ये शेजारच्या विमानावर नजर ठेवून उडेल, कमी उंचीवरून नकाशा वाचत जाईल, त्यानंतर शस्त्रं हाताळेल. तेव्हा विमान सरळ ठेवण्यावर खर्च करायला त्याच्याकडे लक्ष शिल्लक नसेल. त्यामुळे "जमतंय" एवढं पुरत नाही, कमी लक्षात जमायला हवं. याची परीक्षा सोपी आहे. विद्यार्थी उंची धरून सरळ उडतोय असं वाटलं की त्याला एखादं तोंडी गणित घाला किंवा परतायच्या दिशेचा अंदाज विचारा. उत्तर शोधताना उंची पन्नास फुटांत राहिली तर कौशल्य अंगी मुरतंय. दोनशे फूट सरकली तर त्याचं सगळं लक्ष अजून विमानातच अडकलेलं आहे, आणि नवा धडा चढवायची घाई करू नये.

जमिनीवरचं काम

सुरुवात सीटपासून करा. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण मला हे सगळ्यात जास्त दुर्लक्षित वाटतं. विद्यार्थी काचेतून क्षितिज कुठे दिसतं ते लक्षात ठेवून विमानाचं नाक कुठे ठेवायचं ते शिकणार. काल सीट दोन बोटं खाली आणि आज वर असेल तर क्षितिजाची जागा बदलते, आणि काल शिकलेलं आज खोटं ठरतं. म्हणून पहिल्याच दिवशी डोळ्यांची उंची ठरवून द्या: पॅनलची वरची कड आणि काचेची चौकट यांच्या संदर्भाने अशी एक खूण दाखवा, की ती जुळली म्हणजे सीट बरोबर. बुटका विद्यार्थी असेल तर रडर पूर्ण दाबताना तो सीटवरून पुढे घसरत नाही ना, हेही बघा. पेडल पुढे-मागे करून पूर्ण रडर आणि पूर्ण ब्रेक दोन्ही मिळाले पाहिजेत.

मग चेकलिस्ट आणि आणीबाणीचे पाठ. आग, इंजिन बंद, इजेक्शन सीट (वैमानिकाला विमानाबाहेर फेकणारी) असल्यास तिचं हँडल ओढण्याची पद्धत: या कृती विचार न करता व्हायला हव्यात. उभ्या विमानात बसवून डोळ्यांवर पट्टी बांधा आणि एकेका स्विचचं नाव घ्या. हात थेट तिथे गेला पाहिजे. उरलेली तयारी विद्यार्थी खुर्चीत बसून करू शकतो. डोळे मिटून संपूर्ण सर्किट (टेकऑफपासून धावपट्टीभोवती फेरी मारून लँडिंगपर्यंत), बोलण्यासह, हातापायांच्या हालचालींसह. फक्त एक गोष्ट त्यात घालायला सांगा: प्रत्येक कृतीबरोबर "आता मी काय बघतोय" हेही त्याने मोठ्याने म्हणायचं. ही सवय लागली की हवेतला अर्धा गोंधळ कमी होतो.

ब्रीफिंग लांबवू नका. आजचं एकच उद्दिष्ट, त्यासाठी काय बघायचं, कोणती चूक बहुतेकांची होते, आणि सुरक्षिततेचे मुद्दे. सिद्धांत वर्गात झालेला असतो; उड्डाणाआधीच्या अर्ध्या तासात त्याची उजळणी करत बसलात तर विद्यार्थी विमानाकडे डोकं भरून जातो आणि तिथे नवीन काही शिरत नाही.

नियंत्रणाची देवाणघेवाण जमिनीवरच पक्की करा. "यू हॅव कंट्रोल" म्हटल्यावर "आय हॅव कंट्रोल" असं उत्तर ऐकू येईपर्यंत हात काढायचा नाही. प्रशिक्षक "आय हॅव कंट्रोल" म्हणाला की विद्यार्थ्याने वाद न घालता तत्क्षणी हातपाय सोडायचे. पुढे-मागे बसायच्या विमानात तर तुम्हाला एकमेकांचे हात दिसतही नाहीत, त्यामुळे हे शब्द हीच एकमेव खात्री. "फॉलो मी थ्रू" म्हणजे हात हलके ठेवून माझ्या हालचाली अनुभव, हेही वेगळं समजावून द्या. दोघांनाही समोरचा उडवतोय असं वाटणं ही या धंद्यातली जुनी आणि जीवघेणी चूक आहे.

पहिले धडे: नाक, क्षितिज, पंख

नियंत्रणांचे परिणाम दाखवताना एका वेळी एकच गोष्ट करा. स्टिक पुढे-मागे केली की नाक खाली-वर. बाजूला केली की विमान कलतं, आणि कलल्यामुळे नाकही त्या बाजूला सरकू लागतं. रडर दाबलं की नाक बाजूला वळतं, आणि मग विमान त्या बाजूला कलायला लागतं. या दुय्यम परिणामांवर घाईने पुढे जाऊ नका. रडर कशाला असतं हे न कळलेला विद्यार्थी पुढे स्पिनमध्ये (विमान गरगरत खाली पडतं तेव्हा) भांबावतो.

यानंतर मूळ सूत्र येतं: नाकाची ठरावीक स्थिती आणि ठरावीक पॉवर दिली की ठरावीक वेग आणि ठरावीक चढ-उतार मिळतो. विद्यार्थ्याने स्थिती ठेवायची आणि थांबायचं, काटे आपोआप स्थिर होतात. काटे थोडे मागून धावतात, त्यामुळे काट्यांकडे बघून उडवणारा नेहमी उशिरा सुधारतो, मग जास्त सुधारतो, आणि विमान वर-खाली हेलकावत राहतं. असं दिसलं की बोलून उपयोग नाही. एका कागदाने वेग आणि उंचीचे काटे झाका आणि म्हणा, "आता फक्त क्षितिज बघ." पाच मिनिटांनी कागद काढल्यावर काटे बहुतेक वेळा जागेवरच असतात. हा पुरावा विद्यार्थ्याने स्वतःच्या डोळ्यांनी बघितला की पुढे तुमचं निम्मं काम झालं.

शिकवण्याचा क्रम सगळ्या धड्यांना सारखाच: आधी तुम्ही करून दाखवा, मग तुमच्या हातासोबत त्याचा हलका हात, मग तुमच्या सूचनेवर त्याने, आणि शेवटी तुम्ही गप्प. नव्या प्रशिक्षकांना पहिल्या तीन पायऱ्या आवडतात, चौथी जड जाते. शांत बसवत नाही. पण विद्यार्थ्याला स्वतःची चूक दिसणं, ती त्याने ओळखणं आणि सुधारणं यासाठी काही सेकंद लागतात, आणि तुमचा आवाज नेमके तेच सेकंद खाऊन टाकतो. विमान सुरक्षित असेल तर चूक थोडी वाढू द्या. तुमच्या सूचनेशिवाय झालेली पहिली दुरुस्ती पुढच्या दहा सूचनांपेक्षा जास्त शिकवते.

करून दाखवताना बोलणं आणि कृती एकत्र असू द्या. "आता नाक खाली येतंय" हे वाक्य नाक खाली येतानाच हवं. दोन सेकंद उशिरा आलं तर विद्यार्थ्याने वाक्य चुकीच्या चित्राला जोडलेलं असतं.

ट्रिम: छोटा धडा, मोठा परिणाम

ट्रिम, म्हणजे स्टिक सतत धरून ठेवायचा भार काढून घेणारी जुळणी, नीट न शिकलेला विद्यार्थी प्रत्येक पुढच्या धड्यात थकलेला असतो. नियम सोपा आहे. स्टिकने नाक जिथे हवं तिथे धरायचं, मग स्टिकवरचा भार शून्य होईपर्यंत ट्रिम करायचं. ट्रिमने नाक हलवायचं नसतं, धरलेल्या नाकाचा भार काढायचा असतो. पुष्कळ विद्यार्थी उलटं करतात. ट्रिमचं बटण हे छोटी स्टिक समजून वापरतात आणि विमान सतत सरकत राहतं.

तपासायचं कसं? विद्यार्थ्याला हात स्टिकपासून दोन इंच दूर न्यायला सांगा आणि तीन-चार सेकंद नाकाकडे बघा. नाक वर-खाली गेलं तर ट्रिम अपुरं. प्रत्येक वेग किंवा पॉवर बदलानंतर हे करून घ्या. त्याचबरोबर त्याची पकड बघा. बोटांची पेरं पांढरी पडली असतील तर तो विमान उडवत नाही, विमानाला लटकलेला आहे. चिमटीत पेन धरावं तशी स्टिक धरायला सांगा, अंगठा आणि दोन बोटं पुरतात. भीतीने घट्ट झालेल्या मुठीला विमानाचा भार जाणवत नाही, आणि भार जाणवला नाही तर ट्रिम होणं अशक्य.

चढ-उताराचे क्रम पाठ करून घ्या. चढायला सुरुवात करताना आधी पॉवर, मग नाकाची स्थिती, मग ट्रिम. चढून सपाट होताना आधी नाक, वेग वाढू द्यायचा, मग पॉवर कमी, मग ट्रिम. सपाट होणं कधी सुरू करायचं? चढायच्या दराचा दहावा भाग आधी: मिनिटाला 1,000 फूट चढत असाल तर 100 फूट अलीकडे. पॉवर वाढली की पंखा असलेल्या विमानाचं नाक एका बाजूला ओढलं जातं. कॉकपिटमधून बघताना पंखा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरत असेल तर ते डावीकडे जातं आणि उजवा पाय लागतो. इथेही बॉलकडे (विमान बाजूला घसरतंय का ते दाखवणाऱ्या पॅनलवरच्या गोळीकडे) टक लावण्यापेक्षा क्षितिजावरची एक खूण नाकासमोर धरायला शिकवा, ती बाजूला सरकली की पाय आपोआप हलतो.

वळणं

वळण घेण्याआधी त्या दिशेला बघणं हे वळणाचाच पहिला भाग आहे, असं शिकवा. न बघता पंख कलवला तर विमान परत सरळ करायला लावा आणि पुन्हा सुरुवात. दर वेळी. इथे सूट नाही.

मग कलणं, कलताना थोडं रडर, आणि कल वाढेल तसा स्टिकवर हलका ओढा. किती ओढा ते क्षितिज सांगतं. शेजारी-शेजारी बसायच्या विमानात एक फसगत होते आणि ती आधीच सांगून ठेवा. विद्यार्थी डाव्या सीटवर असेल तर नाकाचा मध्य त्याच्या उजवीकडे असतो. डावीकडे वळताना त्याला नाक वर गेल्यासारखं भासतं, उजवीकडे वळताना खाली. त्याचा परिणाम म्हणून डाव्या वळणात उंची हरवते आणि उजव्या वळणात वाढते, आणि बिचारा विद्यार्थी समजतो की आपला हात कच्चा आहे. त्याला काचेवर थेट त्याच्या डोळ्यांसमोरचा बिंदू धरायला सांगा, नाकाचा मध्य विसरायला सांगा. दोन्ही बाजू एका सॉर्टीत सारख्या होतात.

तीव्र वळणात आकडे महत्त्वाचे. 45 अंश कलवर उंची राखून वळताना विमानावर साधारण 1.4 जी भार (म्हणजे वजनाच्या 1.4 पट) येतो, 60 अंशांवर 2 जी. भार वाढला की स्टॉलचा (पंखाची उचल तुटण्याचा) वेगही वाढतो, भाराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात: सरळ उडताना 60 नॉटला (ताशी 60 सागरी मैलांना) स्टॉल होणारं विमान 45 अंशांवर साधारण 71 नॉटला आणि 60 अंशांवर 85 नॉटला स्टॉल होतं. हे आकडे फळ्यावर सांगा, पण हवेत करून दाखवा. वळणात स्टिक ओढत गेल्यावर बऱ्यापैकी वेग असतानाही विमान थरथरायला लागतं, ते त्याने अंगावर अनुभवलं पाहिजे.

जी वाढतो तेव्हा पोटऱ्या, मांड्या आणि पोट आवळायला, श्वास रोखून साधारण दर तीन सेकंदांनी झटकन बदलायला शिकवा. जी आल्यावर आवळणं उशिराचं असतं. आधी आवळायचं, मग ओढायचं.

बाहेर बघणं हेही शिकवावं लागतं

"बाहेर बघ" म्हणणं सोपं, पण नवखा बाहेर तोंड करतो आणि काहीच बघत नाही. मोकळ्या आकाशात पकडायला काही नसलं की डोळे आपोआप जवळ, मीटर-दोन मीटरवर स्थिरावतात आणि दूरचं विमान दिसतच नाही. त्यामुळे आधी दूरच्या ढगाच्या कडेवर किंवा क्षितिजावर नजर बसवायची, मग आकाशाचे छोटे तुकडे करून एकेका तुकड्यावर क्षणभर थांबायचं. नजर सलग फिरवली तर त्या हालचालीत डोळ्याला जवळजवळ काहीच दिसत नाही.

समोरासमोर येणाऱ्या दोन विमानांचा वेग 120-120 नॉट असेल तर ती एकमेकांकडे मिनिटाला चार सागरी मैल सरकतात. एक मैल उरला म्हणजे पंधरा सेकंद उरले. आणि काचेवर एकाच जागी स्थिर दिसणारं, न सरकणारं विमान सगळ्यात धोक्याचं असतं: ते आपल्याच मार्गावर आहे. स्थिर ठिपक्याकडे डोळा जात नाही, म्हणून डोकं थोडं हलवून, चौकटीच्या मागचा भागही बघायला लावा. सॉर्टीभर विचारत राहा, "आता आजूबाजूला कोण आहे?" विद्यार्थी शोधून सांगतो, तुम्हाला आधीच माहीत असलं तरी.

स्टॉल आणि स्पिन

पहिल्या महायुद्धाच्या काळात स्पिनला वैमानिक मृत्यूचं दुसरं नाव समजत आणि शिकवणीचा भर त्यापासून दूर राहण्यावर होता. 1917 मध्ये इंग्लंडमधल्या गॉस्पोर्टला रॉबर्ट स्मिथ-बॅरी यांनी हे उलटं केलं. विद्यार्थ्याला दुहेरी नियंत्रणाच्या ॲव्हरो 504 विमानात प्रशिक्षकासोबत बसवून मुद्दाम त्या स्थितींत नेलं जायचं आणि त्यातून बाहेर पडायला शिकवलं जायचं. प्रशिक्षकाचा आवाज पोहोचवायला रबरी नळी होती. आजची लष्करी प्राथमिक शिकवणी त्याच पद्धतीची वारस आहे.

स्टॉल वेगाचा प्रश्न नसून पंखावर येणाऱ्या हवेच्या कोनाचा प्रश्न आहे. साध्या पंखावर तो कोन साधारण 15 अंशांच्या आसपास ओलांडला की पंखावरची हवा सुटते. विद्यार्थ्याला हे एका वाक्यात पटवायचं असेल तर म्हणा: स्टिक किती मागे आहे ते बघ. मागे ओढलेली स्टिक हे कारण, पुढे सोडलेली स्टिक हा उपाय. आधी पुढे, मग पॉवर आणि पंख सरळ. प्रवृत्ती उलट असते: जमीन समोर दिसली की हात मागे ओढतो. म्हणून आधी हळूहळू येणारा सरळ स्टॉल, त्यानंतर उतरायच्या स्थितीतला, मग वळणातला. प्रत्येक वेळी सुरुवातीच्या खुणा मोठ्याने सांगायला लावा: नियंत्रणं ढिली पडली, आवाज बदलला, थरथर आली. खूण ओळखता आली की पूर्ण स्टॉलपर्यंत जावंच लागत नाही, आणि खरा फायदा तिथे आहे.

स्टॉलच्या आधीच्या तपासण्या कधीही गाळू नका: पुरेशी उंची, सुटं सामान नाही, पट्टे घट्ट, इंजिनचे आकडे ठीक, खाली वस्ती नाही, आजूबाजूला विमान नाही.

स्पिनसाठी तुमच्या विमानाच्या पुस्तिकेतली कृती अंतिम. पुष्कळ प्रशिक्षण विमानांत ती अशी असते: थ्रॉटल मागे, एलेरॉन (विमान कलवणाऱ्या पंखांवरच्या पट्ट्या) मध्यात, फिरण्याच्या उलट पूर्ण रडर, क्षणभर थांबून स्टिक पुढे, फिरणं थांबताच रडर मध्यात, मग हळूच बाहेर. दिशा टर्न इंडिकेटरवरून (वळण्याची दिशा दाखवणाऱ्या काट्यावरून) ठरवायची. बॉलवर विश्वास नको. पहिल्या स्पिनमध्ये विद्यार्थी बहुतेक वेळा नाकाच्या पुढे, थेट खाली जमिनीकडे बघतो. गरगरणारी जमीन बघून डोकं बंद पडतं. नजर एका ठरलेल्या जागी, काट्यावर, ठेवायला सांगा आणि कृती मोठ्याने म्हणायला लावा. आणि ज्या उंचीपर्यंत विमान सावरलं नाही तर सोडून द्यायचं, ती उंची उड्डाणाआधी दोघांनी तोंडाने म्हणायची. हवेत तो निर्णय नव्याने घ्यायला वेळ नसतो.

ज्याला मळमळतं त्याला एका सॉर्टीत चार स्पिन देऊ नका. बहुतेकांचं शरीर काही उड्डाणांत सरावतं. नियंत्रण त्याच्या हातात द्या, नजर क्षितिजावर ठेवायला सांगा, हवा वाढवा. मळमळ लपवणाऱ्या विद्यार्थ्याला शिक्षा होणार नाही हे आधीच सांगितलेलं असावं, म्हणजे तो सांगेल.

सर्किट आणि लँडिंग

लँडिंग चांगलं होतं ते फायनलवर (धावपट्टीच्या रेषेत उतरत येण्याचा शेवटचा टप्पा), आणि फायनल चांगली होते ती डाउनविंडवर (त्याआधी धावपट्टीला समांतर, उतरायच्या उलट दिशेने जाण्याचा टप्पा). उंची, वेग, धावपट्टीपासूनचं अंतर हे डाउनविंडवर नेमकं नसेल तर शेवटचं वळण दुरुस्तीतच संपतं. त्या अंतरासाठीही एक खूण द्या, पंखाचं टोक धावपट्टीवर नेमकं कुठे पडतं ती.

फायनलवर एकच गोष्ट: उतरायचा बिंदू काचेवर कुठे सरकतोय? काचेवर तो वर सरकला तर आपण कमी पडतोय. खाली सरकला तर पुढे जातोय. जागेवर राहिला तर तिथेच पोहोचतोय. तीन अंशांच्या उतारावर सागरी मैलामागे साधारण 300 फूट उतरायचं असतं, आणि जमिनीवरचा वेग नॉटमध्ये घेऊन पाचने गुणला की मिनिटाला उतरायचा दर मिळतो: 100 नॉटला 500 फूट. वेग नाकाने सांभाळायचा की पॉवरने, यावर दोन मतं आहेत आणि दोन्ही चालतात. पण एका स्क्वॉड्रनमधल्या सगळ्या प्रशिक्षकांनी एकच सांगितलं पाहिजे. सोमवारी एक आणि मंगळवारी दुसरं ऐकणारा विद्यार्थी दोन्ही विसरतो.

आता फ्लेअर (टेकण्याआधी नाक हळूच वर घेऊन उतरण थांबवणं), जिथे सगळ्यात जास्त वेळ जातो. धावपट्टीच्या सुरुवातीपर्यंत नजर उतरायच्या बिंदूवर. तिथून ती धावपट्टीच्या दूरच्या टोकाकडे उचलायची, आणि या नजर उचलण्यातच फ्लेअर आहे. नजर जवळ राहिली तर जमीन वेगाने वर येताना दिसते, हात घाबरून जास्त ओढतो, विमान वर उचलतं आणि मग वेग संपून धपकन पडतं. नजर लगेच अगदी दूर गेली तर उंची कळत नाही आणि विमान सपाटच आपटतं. दूर बघताना धावपट्टीच्या दोन्ही कडा डोळ्यांच्या कोपऱ्यांतून वर येत आणि पसरत जातात. त्या पसरण्यावरून उंची कळते. हे शब्दांनी सांगून भागत नाही. उभ्या विमानात सीटवर बसवा, तेव्हाचं धावपट्टीचं चित्र दाखवा आणि सांगा: चाकं टेकताना हेच दिसलं पाहिजे. मग हवेत, तुम्ही उडवत, धावपट्टीवरून कमी उंचीवर सरळ जा आणि त्याला फक्त बघायला लावा. हात मोकळे, डोळे बाहेर. त्यानंतरच्या लँडिंगमध्ये फरक दिसतो.

विमान उसळलं किंवा वर-खाली हलू लागलं तर सरळ पुन्हा वर. पॉवर, नाक जागेवर, चढ. उसळलेलं विमान वाचवायला जाणारा हात नेमका उशिराने हलतो आणि पुढची उसळी मोठी होते. "गो अराउंड" म्हणजे अपयश नाही, हे तोंडाने सांगा, आणि शेऱ्यातही तसं दिसू द्या. चांगल्या वेळी घेतलेल्या गो अराउंडला चांगला शेरा दिला तरच विद्यार्थी तुमच्यावर विश्वास ठेवेल.

या टप्प्यात तुमचे हात कुठे असावेत? स्टिक आणि थ्रॉटलच्या अगदी जवळ, पण त्यांना न लागता. हात लागला तर विद्यार्थ्याला स्वतःची उतरण कळणार नाही आणि तुम्हालाही कळणार नाही की कोणी उतरवलं. हस्तक्षेपाची मर्यादा आधीच ठरवा: एवढा वेग कमी झाला, एवढी उंची राहिली, एवढा बाजूला गेलो की मी घेणार. ती मर्यादा ओलांडली की एक सेकंदही थांबू नका. अलीकडे असेल तर गप्प राहा.

सलग सर्किट मारताना सुधारणा एका जागी थांबते, कधी मागेही जाते. नव्या प्रशिक्षकाला वाटतं अजून चार लँडिंग करून घ्यावीत. थकलेला विद्यार्थी मात्र त्यात चुकीचीच सवय घोटतो. थोडं वर जा, काही वळणं घ्या, एक सरावाचं फोर्स्ड लँडिंग (इंजिन बंद पडलंय असं धरून उतरणं) करा आणि मग परत या.

सोलो

सोलोसाठी, म्हणजे विद्यार्थ्याच्या एकट्याच्या उड्डाणासाठी, सुंदर लँडिंग हा निकष धरू नका. तीन गोष्टी बघा. बिघडलेली फायनल त्याने तुमच्याशिवाय ओळखून सुधारली का? सुधारणं शक्य नाही असं दिसल्यावर तो स्वतःहून गो अराउंड गेला का? टेकऑफनंतर इंजिन गेल्याच्या सरावात त्याचं नाक ताबडतोब खाली आलं आणि नजर पुढच्या मैदानावर गेली का, की मान धावपट्टीकडे वळली? कमी उंचीवर वळून परत यायचा मोह वैमानिकांना मारतो, म्हणून या तिसऱ्या प्रश्नावर शंका असेल तर सोलो पुढे ढकला.

पाठवायच्या आधी एक गोष्ट नक्की सांगा. तुमचं वजन कमी झाल्यामुळे विमान लवकर उचलेल, जास्त वेगाने चढेल आणि उतरताना जास्त वेळ तरंगेल. हे न सांगितल्यास पहिल्या चढात उंची ओलांडते आणि विद्यार्थी उगाच बिचकतो. एकटा असताना रेडिओवर त्याला सल्ले देत बसू नका. त्याला तुमच्याविना उडवायचं म्हणूनच पाठवलं आहे.

डीब्रीफिंग आणि शेरा

उतरल्यावर पहिलं वाक्य विद्यार्थ्याचं असू द्या. "तिसऱ्या फायनलवर काय झालं?" त्याला आठवलं तर तो बघत होता. नाही आठवलं तर पुढच्या सॉर्टीत काय करायचं ते तुम्हाला कळलं. दहा चुका मोजू नका. त्या दहांच्या मागे बहुतेक वेळा एक-दोनच कारणं असतात. उंची हलली, वेग हलला, बॉल बाहेर, वळण तिरकं: चारही काट्यांकडे बघत राहिल्याने झालेलं असू शकतं. ते एक सांगा आणि त्यावरचा उपाय सांगा.

शेरा लिहिताना पुढच्या प्रशिक्षकाचा विचार करा. "लँडिंग कमकुवत" याने त्याला काहीच कळत नाही. "फ्लेअरमध्ये नजर जवळ राहते, टेकण्याआधी ओढतो, दूर बघायला सांगितल्यावर दोन लँडिंग नीट" असं लिहिलं तर तो पुढचं उड्डाण तिथूनच सुरू करतो. जमत नसेल तर लवकर आणि स्पष्ट लिहा. दयेपोटी गुळगुळीत लिहिलेले शेरे विद्यार्थ्याचं नुकसान करतात, कारण मदत मिळायची तेव्हा मिळत नाही आणि चाचणीच्या दिवशी सगळं एकदम उघडं पडतं.

आणि विद्यार्थी तुमच्याकडे अडकलाय असं दोन-तीन सॉर्टी दिसलं तर स्वतःहून दुसऱ्या प्रशिक्षकाची सॉर्टी मागा. तोच मुद्दा वेगळ्या शब्दांत ऐकल्यावर, किंवा नुसत्या वेगळ्या आवाजात ऐकल्यावर, पुष्कळांची गाठ सुटते. त्या सॉर्टीआधी दोघा प्रशिक्षकांनी दहा मिनिटं बोलून घ्यावं: काय सांगून झालंय, काय करून पाहिलंय आणि विद्यार्थ्याची नजर कुठे जाते.